भिक्षेत पडलेला लाडू

घाटकोपरच्या डोंगरउतारावर आमची वस्ती. आमच्या शेजारचंच दार तिचं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी बाविशीचा होतो, कारखान्यात नुकता चिकटलो होतो, आणि धीर करून तिला मनातलं सांगून बसलो होतो. "माझ्या मनात तसं काही नाहीये रे," ती म्हणाली. रागावलीसुद्धा नाही. रागावली असती तर निदान भांडता आलं असतं.

मग मी विहारातल्या, दहा दिवस भिक्खू होऊन राहायच्या श्रामणेर शिबिरात नाव घातलं. डोकं भादरलं, चीवर नेसलं. पोरगं धम्माच्या वाटेला लागलं म्हणून आई गल्लीभर सांगत सुटली. खरं सांगतो, विरक्ती-बिरक्ती काही आली नव्हती. तिने मला असं बघावं आणि तिला चुटपुट लागावी, एवढाच माझा धम्म.

तिथले भंते म्हातारे, पण नजर पक्की. मी विचारलं, "तृष्णा कशी सुटते?" तर म्हणाले, "सोडायला आलायस की दाखवायला?" वीस जणांच्या रांगेत झोपत होतो, तरी तितकं एकटं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

आठव्या दिवशी भिक्षाटन आमच्याच वस्तीत निघालं. नजर खाली, आशीर्वादापलीकडे शब्द नाही, आणि पात्रात पडेल ते बाराच्या आत खायचं; आवडनिवड चालत नाही. आईने माझ्या पाया पडून भात वाढला. मी अवघडलो. पुढचं दार तिचं. मला फक्त तिची पावलं दिसत होती. तिने भातावर बुंदीचा लाडू ठेवला आणि वाकून नमस्कार केला. मागून तिची आई म्हणाली, "काल साखरपुडा झाला हिचा, भंते. आशीर्वाद द्या."

"सुखी होतु," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

विहारात परतल्यावर भात संपला, लाडू उरला. शेजारच्याच्या पात्रात सरकवावा म्हटलं, तर भंते बघत होते. "खा," म्हणाले. खाल्ला. चांगला झाला होता, वेलची घातलेली. त्याचंच जास्त रडू आलं.

"मी आशीर्वाद दिला, पण खोटा दिला," मी भंतेंना सांगून टाकलं.

"मग उद्या परत म्हण," ते म्हणाले.

रोज म्हणत राहिलो. तिचा मुलगा शाळेत जायला लागला, तेव्हा कुठे ते एकदा मनापासून आलं. ऐकायला खोलीत कुणी नव्हतं.