मरळीचं मुंडकं

आमच्या साडूंचा हेवा वाटत नाही असा माणूस अजून जन्माला यायचा आहे, आणि जन्मला असलाच तर तो त्यांच्या होडीत बसलेला नाही. मी बसलेलो आहे. नुसता बसलेलो नाही, वल्ही मारत बसलेलो आहे, आणि तेही वैशाखाच्या उन्हात. ज्यांनी कधी वल्ही मारलेली नाहीत त्यांना म्हणून सांगतो, वल्ही मारणाऱ्याचं तोंड होडीच्या मागल्या बाजूला असतं आणि गळ टाकणारा नेमका तिथेच बसतो. म्हणजे धरण एवढं मोठं, तिन्ही बाजूंना डोंगर, आभाळात घारी, पण मला दिसायचा तो फक्त साडूंचा चेहरा. हसरा, तुकतुकीत, आणि डोक्यावर दाट केस. माझ्यापेक्षा चारच वर्षांनी लहान आहेत ते, पण त्यांच्या केसांना हे कुणी सांगितलेलं दिसत नाही.

ते माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. खालापुरात मंडप-डेकोरेशनचा धंदा. माझं कर्जतला वह्या-पुस्तकांचं दुकान. त्यांच्या दारातला आंबा दरवर्षी मोहरतो, माझा एक वर्षाआड, तोही नाइलाजाने. त्यांचा टेंपो पहिल्या किल्लीला सुरू होतो. ते लग्नाला गेले की त्यांच्या पंगतीला जिलेबी गरम येते, आणि मी बसतो त्या पंगतीला वाढपी येऊन सांगतो, “जरा थांबा, संपलीय.” भाजीवाली त्यांना न मागता कोथिंबीर देते. मी मागितली तर म्हणते, “महाग झालीय वो!” आता एवढं सगळं एकाच माणसाला द्यायचं देवाला काही अडलं होतं का? बरं, दिलं तर दिलं, वर मासे कशाला?

मासे धरण्याची त्यांची तऱ्हाही जगावेगळी. आमच्याकडे धरणाच्या काठावर माणसं गळ टाकून तासन्‌तास बसतात, गांडूळ लावतात, कणीक लावतात, विड्या ओढतात. साडूंना ते मंजूर नाही. “भाऊ, मासा आपल्या दारात येल म्हणून वाट बघत बसायची? मंग आपला रुबाब काय राह्यला? आपण त्याच्या दारावरनं जायाचं, मिरवत!” म्हणून होडी. कशेळ्याच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी एक धरण आहे, तिथल्या ठेकेदाराशी यांचं सूत (त्याच्या पोरीच्या लग्नाचा मंडप यांचाच), त्यामुळे पत्र्याची होडी हक्काची. वैशाखात पाणी उतरतं, जुन्या नदीचं पात्र तेवढं खोल राहतं, आणि सगळे मासे त्या खोलीत गोळा होतात. त्या पात्रावरून होडी सावकाश चालवायची आणि मागे लांब दोरी सोडून द्यायची. दोरीच्या टोकाला चमचा.

हो, चमचा. साधा, स्टीलचा, जेवणातला. दांडी कापून टाकायची, दोन्ही टोकांना भोकं पाडायची, एका भोकात दोरी, दुसऱ्यात गळ. होडी चालली की चमचा पाण्यात वळवळतो, चमकतो, आणि मरळीसारख्या हावऱ्या माशाला वाटतं, एखादा बारका मासा लंगडत पळतोय. विकतचं आमिष त्यांनी कधी वापरलं नाही. त्यांच्या घरी आज पाहुण्यांना शिरा दिला तर तो हाताने खावा लागतो. मी त्यांच्या लग्नात चांगला जाड चमच्यांचा सेट दिला होता, प्रत्येक चमच्याच्या खोलगट भागावर माझं नाव घालून घेतलं होतं. ते सगळे चमचे आज धरणाच्या तळाला आहेत, एक सोडून. तो एक त्यांचा सर्वांत लाडका. “भाऊ, तुमचं नाव वाचूनच मासा तोंड उघडतो,” असं ते माझ्या तोंडावर सांगतात. आणि खरंच काय काय लागायचं त्या चमच्याला! मरळ, शिंगाळा, हातभर तिलापी. एकदा तर एक रोहू आला, जो बिचारा कुणाच्या अध्यात ना मध्यात, चमच्याकडे ढुंकून न बघणारा, तो नुसता शेजारून चालला होता आणि गळ त्याच्या पाठीत रुतला. नशीब म्हणतात ते याला.

आता मुद्द्यावर येतो. माझी सासुरवाडी कडावजवळ, आणि सासू माझी सख्खी मामी. आमच्यात मामाची मुलगी करतात, त्यामुळे मी त्या घरात जावई व्हायच्या आधी कितीतरी वर्षं भाचा म्हणून लोळलेलो. वैशाखात गावदेवीची जत्रा असते आणि दुसऱ्या दिवशी घरोघर तिखटाचं जेवण. आमच्या मामाने त्याच्या हयातीत एक रिवाज घालून दिला होता: जत्रेचा मासा धरणातला, आणि त्याचं मुंडकं ज्याच्या हातात दोरी होती त्याच्या ताटात. मामा गेला, रिवाज राहिला. तेव्हापासून मुंडकं साडूंचं. पडवीत पाट मांडायचा, समोर रांगोळीची एक रेघ, उदबत्ती, आणि मामी डोक्यावर पदर घेऊन स्वतः वाढायला यायची. “पाव्हणं, सावकाश जेवा. पाव्हणं, आवडलं का?” असं जपून, हळू आवाजात. आणि मी, थोरला जावई, जो सगळं धरण वल्हवून आलेला, तो कुठे? तो आत चुलीपाशी. “ए, तू हिकडं ये रं. त्या पातेल्यात भात कालव आन्‌ खा, उगाच राह्यलेलं वाया जातंय. आरं, हात धुतलास का मेल्या? केवढा घोडा झालास, तरी सांगाया लागतं!”

वर्षानुवर्षं हे असंच. बाहेर मुंडकं, आत मी. सांगताना लाज वाटते, पण मला ते मुंडकं हवं होतं. एकदाच. पडवीत, पाटावर, उदबत्तीसकट. दुकानात बसून वह्या मोजताना मला ते दिसायचं, रश्शात अर्धं बुडालेलं. बायकोला बोललो तर ती म्हणाली, “बाजारातून आणा आणि खा की घरी.” बायकांना काही गोष्टी समजत नाहीत, किंवा फार लवकर समजतात.

बरं, होडीत तरी साडूंनी गप्प बसावं? तेही नाही. दोरी पाण्यात पडली की यांची टकळी सुरू. “भाऊ, आई कालच म्हनल्या, धाकट्या जावयानं घराचं नाव काढलं.” मी वल्हं हाणायचो. “भाऊ, तुमच्या मंडळी परवा म्हनत होत्या, भावोजींसारखा हसतमुख मानूस नाय बगितला.” मी दुसरं वल्हं हाणायचो. “पळसदरीला त्या बंगलेवाल्यानं मला इचारलं, पोरगा कितवीला हाय तुमचा? मी म्हनलं, पोरगा नोकरीला लागला! त्याला खरंच वाटंना!” मी दोन्ही वल्ही एकदम हाणायचो, पाणी उडायचं, होडी हिसका खायची, आणि नेमका त्याच क्षणी मासा लागायचा. दरवर्षी! मी रागाने लाल, ते आनंदाने लाल, आणि मध्ये मरळ तडफडतेय.

या वर्षी मात्र माझा उजवा खांदा आखडला. डॉक्टरांनी हात वर करायला सांगितलं, तो शाळेत गैरहजर पोराची हजेरी द्यायला त्याचा मित्र हळूच हात वर करतो तेवढाच गेला. वल्ही बंद. मी मनातल्या मनात देवीला नारळ बोललो. कारण आता वल्ही साडू मारणार, आणि दोरी माझ्या डाव्या हातात. म्हणजे मुंडकं माझं.

सकाळी होडी पाण्यात ढकलली. मी मागे बसलो, त्यांच्या जागेवर. माझं नाव घातलेला चमचा पाण्यात सोडला. साडू वल्ही मारू लागले. काय सांगू, इतकी सुंदर वल्ही मी आयुष्यात पाहिली नाहीत. होडी अशी चालली की पोटातलं पाणी हलेना. एक फेरी झाली, काही नाही. दुसरी झाली. ऊन चढलं. दोरी माझ्या बोटांत मेल्यासारखी पडून होती.

“साडू,” मी म्हणालो, “हे काय हो? तुमच्या हाताला दर खेपेला लागतं, आणि माझ्या का नाही?”

साडूंनी वल्ही थांबवली. जरा ओशाळले. “रागावू नका भाऊ. त्याचं असं हाय, चमचा नाचाया लागतो. हिसका बसला की नाचतो. आन्‌ हिसका बसतो तुमी चिडल्यावर. म्हनून मी आपला तुमाला चिडवीत असतो.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. “म्हणजे मामी म्हणाली होती, घराचं नाव काढलं, ते?”

“नाय म्हनल्या.”

“आणि माझी बायको? हसतमुख?”

“त्या म्हनल्या होत्या, भावोजी, तुमी लय बडबडता.”

अरे देवा! म्हणजे ज्या गोष्टींनी मी रात्र रात्र कूस बदलली, त्या सगळ्या माशांसाठी होत्या! मला हसावं की त्यांना पाण्यात ढकलावं कळेना. खांदा दुखत होता म्हणून हसलो.

“मग आता तुम्ही चिडा,” मी म्हणालो.

“चिडवा की.”

मी सुरुवात केली. म्हटलं, या वर्षी माझ्या दुकानात शाळांच्या ऑर्डरी दुप्पट आल्या. “वा वा! लय बरं झालं!” होडी लोण्यासारखी पुढे. म्हटलं, माझ्या पोरीला पुण्यात मोठ्या पगाराची नोकरी लागली. “आपल्या पोरीला? आन्‌ हे आता सांगता? पेढे कुटं हायत?” असं म्हणून त्यांनी वल्हं सोडून माझा हात हातात घेतला, नेमका दुखरा. म्हटलं, माझा आंबाही यंदा मोहरला. त्यांचे डोळे भरून आले. या माणसाला हेवा म्हणजे काय तेच माहीत नाही, या कल्पनेने मला त्यांचा आणखीच हेवा वाटला.

शेवटी मी कंटाळलो. खोटं सोडलं आणि पोटातलं खरं ओकलो. “जाऊ द्या हो. तुम्हाला काय कळणार? तुम्ही पाटावर बसून मुंडकं खाता. मी तिथं आत, चुलीच्या धुरात, पातेल्याला लागलेलं खरवडून खातो. त्यात मामी मला शिव्या घालते. घोडा काय, मेल्या काय! मागच्या वर्षी तर जेवताना मागून टपली मारली, नीट बस म्हणून. वर ताटातला काटा स्वतः काढून दिला, मी काय लहान—”

होडीने असा हिसका दिला की माझी टोपी पाण्यात गेली. साडू मान खाली घालून वल्ही हाणत होते. एक, दोन, तीन, दणादण. आणि माझ्या हातातली दोरी ताठ झाली.

मरळ होती. माझ्या हाताच्या कोपराएवढी जाड, काळी, चिडलेली. मी डाव्या हाताने ओढली, साडूंनी जाळीत घेतली. इतर वेळी ते होडीत नाचले असते. आज नुसते बसून राहिले, पाण्याकडे बघत. त्यांची आई ते शाळेत असतानाच गेली, चुलत्यांकडे वाढले, हे मला माहीत होतं. पण तसं तर मला कर्जत स्टेशनचं टाइमटेबलही माहीत आहे.

“मला एकदाबी आत नाय बोलवलं वो,” ते म्हणाले. “मी आई म्हनतो, त्या पाव्हणं म्हनतात.”

कडावला पोचलो तेव्हा मामी दारातच होती. मासा बघून तिने गावदेवीला हात जोडले आणि दोरी कुणाच्या हातात होती ते विचारलं. दुपारी पडवीत पाट मांडला गेला. रांगोळीची रेघ, उदबत्ती. मी बसलो. साडू शेजारच्या सतरंजीवर बसायला लागले, तशी मी म्हणालो, “मामी, यांना आत घे. चुलीपाशी.”

“आगं बया! पाव्हण्यांना आत धुरात बसवू?”

“ते पाव्हणे नाहीत. मी आहे. आज मुंडकं माझं आहे.”

मामीने माझ्याकडे बघितलं, मग साडूंकडे. साडू चप्पल कुठे काढावी हे न सुचल्यासारखे उंबऱ्यात उभे होते, मंडप न मिळालेल्या नवरदेवासारखे. “या आत,” मामी म्हणाली, “पर वाकून या, चौकट खाली हाय.” ते वाकायचे विसरले. ठण्णकन आवाज आला.

माझ्या ताटात मुंडकं आलं. हवं होतं तसंच, रश्शात अर्धं बुडालेलं, डोळा माझ्याकडे. मामी पदर घेऊन आली आणि भात वाढून जपून, हळू आवाजात म्हणाली, “सावकाश जेवा हं.” आणि आत गेली. पडवीत मी एकटा. उदबत्तीचा धूर सरळ वर जात होता.

मग आतून मामीचा आवाज आला, तोच, अख्ख्या आळीला ऐकू जाणारा. “आरं, पातेलं काय बगत बसलास? भात कालव त्याच्यात! कपाळ बगू... केवढं टेंगूळ आलंय रं, सांगितलं व्हतं ना वाकून ये! आता थांब, हळद लावते. आन्‌ काटा गिळशील, थांब मेल्या, मी काढते.”

साडूंचा आवाज आला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची टकळी बंद होती.

मुंडकं चांगलं होतं. मोठं होतं, चविष्ट होतं, आणि सगळंच्या सगळं माझं होतं. मी त्यातला काटा काढायला घेतला आणि थांबलो. इतका हेवा मला साडूंचा आजवर कधी वाटला नव्हता.