मनगटावरची उत्तरं

तुमच्या घरातलं कुणी मैदानावरून खेळून परत येतं, तेव्हा तुम्ही दारातच त्याला पहिला प्रश्न कोणता विचारता? खरं सांगा. "जिंकलात का?" हाच ना? मीही तेच विचारत आले. बस्त्यावमामा गोव्याहून आला की, पुढे कोलकात्याहून आला की, त्याची बॅग जमिनीला टेकायच्या आत मी विचारायची, "किती-किती?" आणि मामा आकडा सांगायचा. तो नेहमी बरोबर असायचा. वर्तमानपत्राशी ताडून पाहिला तरी बरोबर. त्या आकड्यामागे काय दडलंय हे बघायची आमच्यापैकी कुणालाच गरज वाटली नाही.

त्याला जाऊन आता सहा आठवडे झाले. त्या सकाळी मी एका पत्रकाचं प्रूफ वाचत होते, तेव्हा मोनिकामामीचा फोन आला. "बाय, मामा गेला आपला," ती म्हणाली. "पानी मागितलं. मी पानी घेऊन येईपर्यंत..." न्यूमोनिया झाला होता, हॉस्पिटलातून घरी आणून तीनच दिवस झाले होते. रिक्षा मामाच्या गावी, पाचूबंदरला, पोचेपर्यंत माझ्या मनात रडण्याऐवजी एकच विचार फिरत होता, आज त्याच्या मनगटावर काय लिहिलेलं असेल. घरात शिरल्यावर मी आधी त्याचा चेहरा नाही, हात बघितला. मामीने पुसून स्वच्छ केला होता. मला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची लाज अजून गेलेली नाही.

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. होडीवाल्यांच्या घरातला. फुटबॉल हा त्याचा पेशा होता आणि स्टॉपर ही त्याची जागा, म्हणजे बचावफळीच्या मधोमध, गोलकीपरच्या पुढ्यात. त्याची उंची बेताचीच. तरी उंच चेंडू तो कुणाला घेऊ द्यायचा नाही, कारण किनाऱ्यावर त्याने स्वतःची एक शाळा काढली होती. फाटलेल्या जाळ्याच्या तुकड्यात चेंडू बांधायचा, तो माडाला दोरीने टांगायचा आणि उडी मारून कपाळाने हाणायचा. रोज दोनशे वेळा. आठवड्याने दोरी एक गाठ वर. पावसाळ्यात जाळं आणि चेंडू दोन्ही भिजून दगडासारखे व्हायचे, तरी हा हाणायचाच. आजी दारातून ओरडायची, "बस्त्याव, डोस्कं हाय का हातोडा?" तो ओरडून उत्तर द्यायचा, "हातोडाच. गोव्याला नेनार हाय."

आणि नेलाही. आधी मुंबईतल्या एका कंपनीचा संघ, मग गोव्यातला एक व्यावसायिक क्लब, मग कोलकाता. आपल्या वाट्याला बावीस नंबर हॉटेलखोल्यांचे आणि अकरा नंबर पाठीवरचे आले, असं तो हसत सांगायचा, पण खरं म्हणजे करार वर्षावर्षाचा असे आणि दर उन्हाळ्यात घरात एक चमत्कारिक शांतता पसरे. पुढच्या मोसमाचं बोलावणं येईपर्यंत मामी फोनजवळून हलायची नाही. मी त्याच्या सामन्यांची कात्रणं वहीत चिकटवायची. बहुतेकांत त्याचं नावच नसायचं. गोल मारणाऱ्याचं छापतात, गोल होऊ न देणाऱ्याचं कशाला छापतील? मला याचा भयंकर राग यायचा. माझी आई पाणी, रस्ता, बंद झालेली बस अशा विषयांवर पत्रकं काढून स्टेशनवर वाटायची. मी त्या गठ्ठ्यांवर बसूनच वाचायला शिकले. साहजिकच मला वाटलं, मामावरही एक पत्रक काढावं. मामा म्हणाला, "तुझी आय कागदावर भांडते. तो कागद बाजारात जातो, त्याच्यात बोंबील बांधून परत आपल्याच घरी येतो."

मी बारा वर्षांची होते तेव्हा त्याचं गुपित मला कळलं. कोलकात्याहून तो आला, मी नेहमीप्रमाणे "किती-किती?" विचारलं, आणि पहिल्यांदाच मला दिसलं की उत्तर देण्याआधी त्याने बॅगेच्या बाजूचा कप्पा उघडून आत बघितलं. "एक-शून्य," तो म्हणाला. संध्याकाळी मी तो कप्पा उघडला. आत मनगटाला गुंडाळतात ती पांढरी कापडी पट्टी होती, वापरून काढलेली, दोन तुकडे. डाव्या हाताच्या तुकड्यावर बॉलपेनने बारीक अक्षरांत लिहिलं होतं : समोरच्या संघाचं नाव, मैदानाचं नाव, वार. आणि त्या तुकड्याच्या कडेला नखाने फाडलेली एक खाच. उजव्या तुकड्यावर खाच नव्हती.

मी पट्टी हातात घेऊन उभी असतानाच मामा आला. रागावला नाही. ओसरीवर बसवून त्याने सगळं समजावून सांगितलं. डोक्याला मार लागून माणूस पडला की फिजिओ पळत येतो आणि ठरलेले प्रश्न विचारतो. कोणाशी खेळतोयस? मैदान कुठलं? स्कोअर काय? चुकलास की बाहेर. "म्हनून आधीच लिहून ठेवायचं. आपला गोल झाला की डावीकडे खाच, त्यांचा झाला की उजवीकडे. उठताना बूट बांधल्यासारखं करायचं, वाचायचं आनि बोलायचं. पास." त्याने हात झटकले. मी विचारलं, "पण तुला आठवत नसतं का?" तो समुद्राकडे बघत म्हणाला, "कधी असतं... कधी नसतं." मग त्याने हे का सुरू केलं तेही सांगितलं. गोव्यातल्या पहिल्या वर्षी असाच आपटला होता, फिजिओने विचारल्यावर खरं बोलला की सगळं धूसर आहे. बाहेर बसवला. त्याच्या जागी आलेला मुलगा चांगला खेळला, आणि मामा पूर्ण मोसम बाकावर. त्या उन्हाळ्यात बोलावणं जवळजवळ आलंच नव्हतं. "स्ट्रायकर बाहेर बसला तर लोक त्याची वाट बघतात, बाय. स्टॉपर बाहेर बसला तर भोक बुजवतात. मामीला बोलू नको."

मी बोलले नाही. उलट मला ती युक्ती भारी वाटली. थोडक्या जागेत नेमके शब्द, अगदी चांगल्या पत्रकासारखे. हे गुपित फक्त माझ्याकडे आहे याचा मला केवढा तोरा होता... आज मी बारा वर्षांच्या त्या मुलीला दोष देत नाही. मोठ्या झालेल्या मुलीला देते.

छत्तिसाव्या वर्षी तो खेळणं सोडून परत आला. काही वर्षं चर्चच्या मैदानावर मुलांना शिकवायचा. मग उजेड सोसेनासा झाला, घरात दिवसाही पडदे. मग मामीवर चिडणं, जे त्याच्या स्वभावात कधीच नव्हतं. एकदा दुपारी तो घरातून नाहीसा झाला. आम्ही जेट्टीवर शोधलं, चर्चमध्ये शोधलं, मामी होड्यांच्या खाली वाकून बघत होती, आणि ती तिथे का बघत्येय हे विचारायचं माझं धाडस झालं नाही. संध्याकाळी तो आगाशीच्या बाजारात सापडला, बसच्या थांब्यावर, शांत उभा. टीमची बस यायची आहे म्हणाला. मनगटावर पट्टी होती. तिच्यावर लिहिलेलं होतं : मोनिका. पाचूबंदर. पाव आण. मामी ते वाचून हसली, मग तिथेच रस्त्यावर खाली बसली. "निदान नाव तरी माझं वर लिवलंय," ती म्हणाली.

आता मला जे सांगायचं आहे ते मी आजवर मामीलाही सांगितलेलं नव्हतं. परवा सांगितलं, म्हणून इथे लिहिते आहे. आगाशीच्या प्रकारानंतर आम्ही त्याला डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं. मामी होडीवाल्यांच्या हिशेबात अडकलेली, म्हणून मी घेऊन गेले. बाहेर बाकावर नंबरची वाट बघत बसलो होतो. मामाला कळलं होतं की प्रश्न विचारणार आहेत. तो मनगटावरच्या कोऱ्या पट्टीची कड नखाने उचकटत होता. एवढा मोठा माणूस, ज्याच्या पाठीमागे गोलकीपर निर्धास्त उभे राहायचे, तो माझ्याकडे वळून हलकेच म्हणाला, "बाय, आज कोनाशी हाय?" आणि मी पर्स उघडली, पेन काढलं, आणि त्याच्या पट्टीवर लिहिलं : वार, महिना, गाव, माझं नाव. त्याची फजिती माझ्याने बघवली नसती. आत डॉक्टरांनी विचारलं, त्याने बूट बांधल्यासारखं केलं आणि एकेक उत्तर दिलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने ठीक आहे, झोप पूर्ण होऊ द्या, सहा महिन्यांनी दाखवा. बाहेर येऊन मामाने माझ्या पाठीवर थाप मारली. "पास," म्हणाला. आम्ही दोघं हसलो. चहा प्यायलो.

ते सहा महिने आम्ही काहीच केलं नाही. करता आलं असतं का? डॉक्टर आता सांगतात, सांगता येत नाही. हे विसरणं हेडिंगमुळेच, म्हणजे चेंडू डोक्याने हाणल्यामुळेच झालं का, तेही नक्की सांगता येत नाही. मला हे "सांगता येत नाही" रोज कुरतडतं. आईसारखीच दुसऱ्यांच्या खोट्या उत्तरांवर पत्रकं छापणारी मी, आणि सगळ्यांत नेटकं खोटं उत्तर माझ्या हाताने, माझ्या अक्षरात लिहिलं गेलं. शेवटच्या दिवसांत हॉस्पिटलात नर्सने त्याला नाव विचारलं, तेव्हा त्याने हात उलटा करून मनगट बघितलं. तिथे हॉस्पिटलचा प्लास्टिकचा पट्टा होता. तो त्याला नखाने खाच पाडायचा प्रयत्न करत राहिला. ते प्लास्टिक काही फाटेना.

मीही स्टॉपर आहे. विरारच्या मुलींच्या संघात खेळते, मामानेच शिकवलं. त्याच्यासाठी चर्चमध्ये झालेल्या मिस्सेनंतर मामीने त्याच्या पट्टीचा उरलेला रोल मला दिला. पंधरा दिवसांपूर्वीच्या सामन्यात मी तीच पट्टी दोन्ही मनगटांना बांधली आणि प्रत्येक गोलला खाच पाडली. आठवण म्हणून, एवढंच मनात होतं. शेवटच्या पाच मिनिटांत कॉर्नर किकच्या चेंडूसाठी उडी मारली आणि एका मुलीचं कोपर कानशिलावर बसलं. डोळे उघडले तेव्हा ट्रेनर वाकून विचारत होता, "फाइन आहेस ना? स्कोअर बोल." माझी नजर आपोआप मनगटावर गेली. डावीकडे दोन, उजवीकडे एक. "दोन-एक" जिभेवर आलं होतं. आणि मला दुसरा गोल आठवेना. कुणी मारला, कुठून मारला, काहीच नाही, नुसती ती खाच. मी दुसऱ्या हाताने पट्टी झाकली आणि म्हणाले, "माहीत नाही." कॅप्टन चिडली. "अरे यार, आत्ताच? पाच मिनिटं तर उरलीयेत. उभी तरी राहा ना नुसती." मी बाहेर गेले. माझ्या जागेतून गोल झाला, सामना दोन-दोन सुटला. कॅप्टन अजून माझ्याशी बोलत नाही. पुढच्या सामन्याच्या यादीत माझं नाव असेल की नाही, ठाऊक नाही.

डोकं अजून दुखतं. डॉक्टर म्हणतात, विश्रांती घ्या, बघू. हा लेख लिहिताना मी मध्येच थांबून स्वतःची परीक्षा घेते... सकाळी काय खाल्लं, काल कुणाचा फोन आला, मामाच्या दोरीला शेवटी किती गाठी होत्या. सात. बहुतेक सात. मामीला विचारलं तर ती म्हणते आठ.

मामाच्या खिडकीत बिस्किटांचा एक जुना डबा आहे. त्यात जाळं विणायची सुई आहे, एक बॉलपेन आहे, आणि आता तो रोलही मी परत नेऊन ठेवला आहे. अजून बरीच पट्टी शिल्लक आहे. मामी रोज डबा उघडून बघते आणि बंद करते. सगळं सांगितल्यावर ती मला रागावली नाही, फक्त म्हणाली, "मना कोनीच कसं इचारलं नाय? मी त्याच्या बाजूला झोपत होते."

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या घरातलं खेळणारं माणूस डोक्याला मार लागून घरी आलं, किंवा तुम्ही मैदानाच्या कडेला उभे असताना पडलं, तर त्याला स्कोअर विचारू नका. त्याचे दोन्ही हात तुमच्या हातांत घ्या, मनगटं झाकून धरा, आणि ज्याचं उत्तर आधी लिहून ठेवता येणार नाही असं काहीतरी विचारा. उत्तर काहीही आलं तरी त्या दिवशी त्याला पुन्हा मैदानात पाठवू नका, डॉक्टरकडे न्या. आणि त्याची जागा त्याच्यासाठी राखून ठेवायला सांगा, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं.