राखेने घासलेली काच

हबीब गेल्याचं मला बोरी अरबच्या बाजारात कळलं. मी नेहमीसारखा ताडपत्रीवर चष्मे मांडून बसलो होतो आणि एका म्हातारीच्या नाकावर फ्रेम बसवत होतो. तेवढ्यात दारव्ह्याहून आलेला सायकलवाला म्हणाला, "तुमचा फोटोवाला गेला ना जी सकाळी. छातीत कळ आली, बसल्या बसल्याच." म्हातारीने चष्मा घालूनच माझ्याकडे पाहिलं आणि आपणहून तो काढून ठेवला. मी दुकान गुंडाळलं... रस्ताभर मला एकच सुचत होतं, की आता त्या जुन्या कॅमेऱ्याचं काय होणार. माणूस गेल्याचं दुःख आधी व्हायला हवं होतं. ते नंतर झालं, भरपूर झालं, पण पहिला विचार कॅमेऱ्याचाच आला. का, ते पुढे येईलच.

या अंकाच्या संपादकांनी सांगितलं आहे की दोन हृद्य आठवणी लिहा, कडवट काही नको. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. हबीबबद्दल मी चांगलंच बोलणार आहे. जिवंत माणसांबद्दल असा काही नियम माझ्या ऐकण्यात नाही.

दारव्ह्याला माझं चष्म्याचं दुकान आणि त्याचा फोटो स्टुडिओ यांच्यामध्ये एकच भिंत. त्याचे वडील स्टो आणि गॅसबत्त्या दुरुस्त करायचे. हबीबने बत्ती सोडून फोटो धरला. मी डॉक्टर नाही हे ठाऊक असूनही तो मला डाक्टर म्हणायचा. आमचं भांडण पहिल्यापासून एकच. त्याने नागपूरहून जर्मन कॅमेरा आणला, त्याच्या भिंगावर नव्या पद्धतीचा निळसर मुलामा होता, तिरपं पाहिलं की जांभळा दिसायचा. आमच्या भागात कापूस निघाला की हवेत रुई आणि धूळ उडते, ती सगळ्या काचांवर बसते, आणि माणसं ती हातात येईल त्या कापडाने पुसतात. चरे पडलेले चष्मे पाहण्यातच माझा जन्म गेला. मी त्याला म्हणालो, भिंगापुढे एक साधी सपाट काच लाव, मी घासून बसवून देतो, चरे पडले तर तिच्यावर पडतील. तो म्हणाला, "माह्या कॅमेऱ्याचे डोये धडधाकट हायेत डाक्टर, त्याले चष्मा कायले?"

ढग उठून दिसावेत म्हणून पिवळी काच तो लावायचा, पण ती कामाची काच होती. नुसत्या राखणीसाठी पुढे काच ठेवायची, हे त्याला पटत नव्हतं. एकदा माझ्या हट्टापायी त्याने ती लावून बंजाऱ्यांच्या एका तांड्यावर लग्नाचे फोटो काढले. गॅसबत्तीचा उजेड काचेत आणि भिंगात उलटसुलट फिरला आणि फोटोत नवरदेवाच्या फेट्यावर दुसरी बत्ती उमटली. हबीबला घाम फुटला. तांड्याचे नाईक मात्र खूश, भाड्याने एकच बत्ती आणली आणि फोटोत दोन आल्या म्हणून. तो फोटो त्यांनी पाहुण्यांना वर्षभर दाखवला. हबीबने माझी काच मला परत आणून दिली आणि त्यावर महिनाभर माझी टिंगल केली. काच मी गल्ल्यात टाकून ठेवली.

आता ज्यांच्यामुळे हा लेख लिहितो आहे, ते गृहस्थ. नाव लिहीत नाही. गावातल्या प्रत्येक संस्थेचे ते अध्यक्ष, तेव्हा अध्यक्षच म्हणतो. आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला त्याच सुमारास एक मंत्री गावात येणार होते आणि त्यांचा मुक्काम अध्यक्षांच्या घरी होता. हबीबला फोटोसाठी बोलावलं. मंत्र्यांना उशीर झाला, नमाजाची वेळ झाली, हबीब कॅमेरा ओसरीवर तिपाईवर ठेवून मशिदीत जाऊन आला. तो आला तेव्हा मोटारीचा हॉर्न वाजत होता. घाईघाईत त्याने फोटो काढले. पश्चिमेचं ऊन मांडवात सरळ घुसलं होतं, तरी त्याला त्याची फिकीर नव्हती. असल्या उन्हात त्याने डझनावारी फोटो काढले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या अम्मी फोटोला बसल्या. ही त्या घरातली केवढी गोष्ट होती, ते मला ठाऊक आहे. अम्मींनी जन्मात फोटो काढू दिला नव्हता, तसबीर त्यांच्या मनाला पटत नसे. पण मुलगी आदिलाबादला दिलेली, तिला पहिलं बाळ झालेलं, तिने निरोप पाठवला की बाळाला नानीचं तोंड तरी दाखवू द्या. अम्मी कबूल झाल्या, तेही अटीवर. अंगणात बसणार नाही, घराच्या आतच बसेन, आणि एकदाच बसेन. म्हणून त्या मागल्या दाराशी बसल्या, पाठीमागे सकाळचा उजेड. हबीबने फोटो घेतला, तो जरासुद्धा हलला नव्हता. हाताचा काही दोष नव्हता.

दोन्ही फोटो एकदमच धुतले. मंत्र्यांच्या फोटोत मांडवभर दूध सांडल्यासारखं पांढरं. अम्मींच्या फोटोत लुगड्याचा काठ आहे, हात आहेत, हातातली तसबीह, म्हणजे जपमाळ, आहे... आणि मानेच्या वर नुसता उजेड. चेहराच नाही.

अध्यक्षांनी बोलावून घेतलं तेव्हा मी बरोबर होतो. ओसरीवर चारचौघं होते. त्यांनी फोटो हबीबच्या अंगावर फेकले, याला कॅमेरा धरता येत नाही, नमाजाला पळतो, मंत्र्यांसमोर माझी इज्जत घालवली, असं बरंच बोलले. हबीब खाली मान घालून ऐकत होता. मग ते वाक्य आलं. "अन् म्या तं सोता तुही काच घासून देल्ली होती. निया निया डाग होता तिच्यावर, तुले दिसत नाही का?"

हबीबने मान वर केली. "कायनं घासली साहेब?"

"राखेनं. मंग कायनं घासतेत काच?"

हबीब नमाजाला गेला तेव्हा ओसरीवर गडी संध्याकाळचे कंदील घासत बसला होता, राखेचं पातेलं तिथेच होतं. अध्यक्षांना भिंगावरचा निळा मुलामा मळ वाटला. तो निघेपर्यंत त्यांनी स्वतःच्या हाताने घासला आणि वर उपरण्याने पुसून चकचकीत केला. ते हे सगळं उपकार सांगावे तसं सांगत होते. एका शब्दाने चूक कबूल केली असती तर हबीब मुकाट्याने घरी गेला असता, असा तो माणूस होता. पण मी भिंग डोळ्याला लावून हबीबच्या खांद्यावरच्या कॅमेऱ्याची काच पाहिली, गोल गोल चरे होते, कंदील घासतात तसेच, समोरून आलेला उजेड अशी काच सगळीकडे पसरवते, आणि हे मी अध्यक्षांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "काच ते काच."

अम्मींनी फोटो पाहिला आणि त्या हसल्या. म्हणाल्या, "अच्छा हुआ बेटा, अल्लाने ढाक लिया." त्यांना खरोखर बरं वाटलं होतं. परत बसायला त्यांनी साफ नकार दिला. त्याच हिवाळ्यात छातीत कफ होऊन त्या गेल्या. आदिलाबादची बहीण आली, तिने तो फोटो दारात नेला, उजेडाकडे धरून उलटा केला, तिरपा केला... कुठून तरी चेहरा दिसेल म्हणून. हबीब हे बघत उभा होता. मीही होतो. मला आजही त्या ओसरीवर जाऊन कोणाचं तरी थोबाड फोडावंसं वाटतं.

पुढे हबीबने दुसरा कॅमेरा घेतला आणि न बोलता माझ्याकडून त्याला काच लावून घेतली. दिवसा काच, बत्तीपुढे काढून ठेवायची, असा आमचा समझोता झाला. मग एके दिवशी तो जुना कॅमेराही घेऊन आला. म्हणाला, याच्यावरही चष्मा बसव. मी म्हणालो, याचं वाटोळं झालंच आहे, आता काय राखायचं?

"हे चरे जपून ठेवाचे हायेत," तो म्हणाला. "आमच्या अम्मीले तोंड नाही, तं त्या साहेबाले कायले पाहिजे?"

गल्ल्यात पडलेली तीच काच मी जुन्या कॅमेऱ्यावर बसवली. इतकं मन लावून मी आयुष्यात दुसरं काम केलं नाही.

तिथून पुढे अध्यक्षांचा प्रत्येक फोटो हबीबने त्या कॅमेऱ्याने काढला. शाळेची कोनशिला, विहिरीचं उद्घाटन, महाराष्ट्र झाला त्या दिवशीचं झेंडावंदन. गावातल्या बाकी सगळ्यांना नवा कॅमेरा, त्यांना जुना. त्यांना तो नेहमी उजेडाकडे पाठ करून उभं करायचा आणि अदबीने सांगायचा, "असंच राहा साहेब, चेहऱ्यावर तेज येते." तेज यायचं. धोतराच्या निऱ्या मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट, हार स्पष्ट, कानापर्यंत माणूस स्पष्ट आणि चेहऱ्याच्या जागी पांढरा गोळा. अध्यक्षांना ते फार आवडलं. सगळ्या संस्थांच्या भिंतींवर त्यांनी आपलं तेज लावून घेतलं. ज्यांना अध्यक्ष कोण हे ओळखायचं असेल, त्यांनी गावातल्या कचेऱ्यांतून एक चक्कर मारावी. ज्याचं तोंड दिसत नाही, तेच ते. फोटो बघून आल्यावर हबीब आणि मी भिंतीच्या दोन्ही बाजूंनी हसायचो. कधी कधी हसता हसता त्याच्या बाजूचा आवाज बंद व्हायचा.

शोकसभेत अध्यक्ष बोलले. हबीब मला धाकट्या भावासारखा होता, त्याच्या कॅमेऱ्याची काच मी माझ्या हाताने पुसून देत असे, असं म्हणाले आणि उपरण्याने डोळे टिपले. त्याच उपरण्याने. मी तिथे काही बोललो नाही, हबीबच्या पत्नी सकिना भाभी पडद्याआड बसल्या होत्या.

गेल्या आठवड्यात ते स्टुडिओत आले. त्यांच्या साठीचा गौरव अंक निघतो आहे आणि अमरावतीच्या छपाईचे ब्लॉक बनवणाऱ्याने त्यांचे सगळे फोटो परत पाठवले आहेत, चेहरा उठत नाही म्हणून. इतक्या वर्षांत त्यांचा एकही धड फोटो नाही, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. भाभींना म्हणाले, हबीबच्या पेटीत एखादी चांगली निगेटिव्ह असेल तर बघा. भाभींनी पेटी आणून त्यांच्यापुढे उघडी केली. ते एकेक निगेटिव्ह खिडकीकडे धरून, उलटी करून, तिरपी करून बघत राहिले. भाभींनी माझ्याकडे पाहिलं. आदिलाबादची बहीण आम्हा दोघांनाही आठवली होती.

शेवटी ते मला म्हणाले, "तुमाले येते ना जी थोडंफार? तुम्हीच काढा. हबीबच्याच कॅमेऱ्यानं काढा, त्याची आठवण राहीन."

भाभी आत गेल्या आणि कॅमेरा घेऊन आल्या. कोणता आणावा, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. वरची काच मी मऊ कापडाने पुसली. भिंतीवर अम्मींचा फोटो होता, लुगड्याचा काठ, हात, तसबीह आणि वर उजेड.

"खिडकीकडे पाठ करून बसा साहेब," मी म्हणालो. "चेहऱ्यावर तेज येतं."

ते बसले. मी फोटो काढला, धुतला, आणि तो अमरावतीला गेला आहे. तोही परत येईल. आला तर त्यांनी खुशाल पुन्हा यावं, कॅमेरा आता माझ्या दुकानात आहे. आतले चरे शाबूत आहेत, वर काच आहे.