मुलगी दिली, जॅक नाही

माझ्या सासऱ्यांनी मला मुलगी एका दुपारी देऊन टाकली. जॅक द्यायला मात्र त्यांना अर्धं आयुष्य लागलं. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, पण माझ्या डिग्रीवर त्यांनी नुसती नजर टाकली आणि म्हणाले, "शिकलेला हाय, चालतंय." त्यांच्या जुन्या ॲम्बेसेडरसाठी जॅक निवडताना मात्र नांदेडच्या दुकानदाराला त्यांनी घाम फोडला. दर खेपेला दुकानासमोरच चाकाची हवा सोडायची, गाडी बसली की जॅक खाली शिरतो का बघायचं. पंक्चर गाडीखाली शिरत नाही तो कसला जॅक, असं त्यांचं म्हणणं. शेवटी दुकानदारानं हात जोडले, "काका, लातूरहून हवा सोडूनच येत जा की!"

निवडलेला जॅक घरी आला आणि जावयापेक्षा त्याचा थाट वाढला. आडवा ठेवला तर तेल गळतं, म्हणून कपाटात सासूबाईंच्या पैठणीशेजारी तो उभा, अंगावर जुन्या धोतराची घडी. खंडेनवमीला पहिलं हळदकुंकू त्याला, मग विळी-कोयत्याला. डिकीत ठेवा म्हटलं की सासरे म्हणायचे, "डिकीत ओल हाय, गंज चढंल." सासूबाई आतून ऐकवायच्या, "माझे गुडघे गंजले, त्याचं कुणाला काय न्हाई!"

नांदेडच्या एका कॉलेजात माझी मुलाखत होती. निवड झाली तर तासांवर शिकवायची फरफट संपणार होती. बसनं जातो म्हटलं तरी सासरे हट्टानं गाडी घेऊन निघाले. लोह्याच्या पुढं चाक बसलं. मी डिकी उघडली. स्टेपनी होती, पाना होता.

"मामा, जॅक?"

"कपाटात. एकदम सुखरूप हाय."

एका टेम्पोवाल्यानं आपला जॅक काढून दिला. सासऱ्यांनी तो उलटासुलटा बघून परत केला. "ह्यानं पत्रा फाटंल." माझा धीर सुटला. "मामा, तुम्हाला लेक प्यारी का जॅक?" यावर ते चक्क विचार करू लागले. तेवढ्यात एक जीप थांबली. त्यातली सगळी माणसं, टेम्पोवाला आणि इस्त्रीच्या शर्टातला मी, अशी आम्ही गाडी हातांनी उचलून धरली, सासऱ्यांनी चाक बदललं. बदलताना खालून ओरडत होते, "बंपर धरू नका रे! पाहिजे तर जावयाला धरा!"

मुलाखतीत पहिला प्रश्न शर्टावरच्या काळ्या डागांवर आला. मी घडलं ते सांगितलं. सगळे पोट धरून हसले आणि मग शांतपणे विषयावर आले. नोकरी लागली. सासरे आजही म्हणतात, "जॅक संगं घेतला असता तर तुम्हाला कुणी ध्यानात ठेवलं असतं, जावईबापू?"

यंदा त्यांची नजर अधू झाली, गाडी बंद पडून राहिली. खंडेनवमीची पूजा झाल्यावर त्यांनी जॅक धोतरासकट माझ्या हातात दिला. म्हणाले, "आडवा ठिवू नका." माझ्या गाडीला स्वतःचा जॅक आहे, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही. मागच्या सीटवर तो उभा ठेवला, पट्टा लावला आणि निघालो. आरशात पाहिलं, तर सासरे फाटकाशी उभे राहून हात हलवत होते. शेजारी बसलेली त्यांची लेकही त्यांना हात हलवत होती. पण ते मागच्याच सीटकडं बघत होते.