पाठीची वही

नागपूरच्या दवाखान्यातून घरी सोडलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेल्या सूचना मी पलंगावर पडल्या पडल्या पेन्सिलीने लिहून घेतल्या. वाकायचं नाही. पाठ वळवायची नाही. जखमेला हात लावायचा नाही. दर आठवड्याला कोणाकडून तरी जखम पाहून घ्यायची. दोन महिन्यांत तिचा रंग उतरला नाही आणि वळ दबला नाही, तर आत पुन्हा पू धरला असं समजून परत यायचं. पाठ पुन्हा उघडावी लागेल.

हे शेवटचं वाक्य मी बाकीच्यांसारखंच लिहिलं. अक्षर कुठे हललं नाही.

मणक्याला लागून गळू झालं होतं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं, त्यामुळे इकडे बरं न होणारं माणूस नागपूरला जायचं. मीही गेले. पाठ चिरली, पू काढला, टाके घातले, दीड महिन्याने परत आले. जखमेच्या दोन्ही बाजूंची वीतभर जागा मात्र बधिर झाली होती. आंघोळीचं पाणी तिथे पडलं की शेजारच्या बाईच्या अंगावर पडल्यासारखं वाटायचं. नंतर नंतर इतर गोष्टींचंही तसंच झालं. मुलगी गळ्यात पडून रडली, मी तिच्या वेणीची गाठ सैल झाली आहे एवढंच पाहिलं.

मी घरातली थोरली सून, मराठी चौथी शिकलेली. मळ्यात मेथी कधी टाकली, वांग्याची रोपं कधी लावली, लोणच्याची कोणती बरणी आधी संपवायची, हे सगळं माझ्या वहीत असायचं. पाठीसाठी मी वेगळी वही केली. पानावर चार रकाने आखले: रंग, वळ, पाणी, सूज. राहता राहिलं पाहणारं माणूस. नवऱ्याने दिवसाउजेडी बायकोची पाठ पाहत बसावं अशी आमच्याकडे रीत नव्हती. घरात आरसा एकच, तोही टिकलीपुरता. तेव्हा ते काम धाकट्या जावेकडे आलं.

दर सोमवारी सकाळी मी परसात पाटावर पाठमोरी बसायची. ती जखमेवर बांधलेला कापडी पट्टा सोडून पाहायची, मी मांडीवरच्या वहीत लिहायची.

"काय रंग हाय?"

"लाल भडक हाय, बाई. वाळत घातलेल्या मिरचीवानी."

"वळ?"

"बोटभर उभा हाय. दोडक्याची शीर असते ना, तसा."

दुसऱ्या सोमवारी खालच्या टोकाला पाणी दिसत होतं. तिसऱ्या सोमवारी रंग वांग्यासारखा जांभळा झाला होता. जाऊ भराभर सांगायची, मळ्यातली एक एक भाजी काढून. मी म्हणायची, "अवं, माझी पाठ हाय का बाजार?" ती हसायची.

चौथ्या सोमवारी तिने पट्टा सोडून पाहिलं. मग म्हणाली, "तशीच हाय."

"तशीच म्हणजे जांभळी?"

"तशीच हाय म्हन्लं ना, बाई."

मी चारही रकान्यांत 'तशीच' लिहिलं. पाचव्या सोमवारी तशीच. सहाव्या, सातव्या, आठव्या, नवव्या. पुढे पुढे मी नुसत्या आडव्या रेघा ओढल्या. दोन महिने भरले त्या दिवशी पान उलटून पाहिलं. वांग्याच्या रंगानंतर काहीच बदललं नव्हतं. मी वही मिटली आणि दुसरी यादी करायला घेतली.

ती यादी मला अजून पाठ आहे. भेंडीचं बी राखेत घालून ठेवणं. मुलीची वेणी जावेने घालणं. मोठी हिरवी जरीची लुगडी मुलीला, इरकली जावेला. पलंगाखालची ट्रंक कोणी उघडू नये. लिहिताना हात थांबला नाही. एकदा पेन्सिलीला टोक केलं, तेवढंच.

नागपूरला परत जायचं तर आमच्या गावाहून नांदुऱ्याला बैलांच्या दमणीने अर्धा दिवस लागायचा, तिथून पुढे आगगाडी. आमचे मालक तिकिटं काढायला स्टेशनावर गेले. दमणीत बसून पट्टा सरकला होता, म्हणून जाऊ मला तिथल्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. नर्सबाई पुण्याकडच्या होत्या. त्यांनी पट्टा सोडला, पाहिलं, बोट फिरवलं असावं.

"ऑपरेशन कधी झालं?"

मी सांगितलं.

"मग आता नागपूरला कशासाठी निघालात?"

"रंग उतरला नाही. पुन्हा उघडायची आहे."

"कोणी सांगितलं? अहो, केव्हाच पांढरी पडली आहे ही. वळ दबलाय, सूज नाही, काही नाही. किती छान भरली आहे जखम."

तेवढ्यात माझ्यामागे जावेने दोन्ही हात कानशिलांवर नेऊन कडाकडा बोटं मोडली. नर्सबाईंच्या कौतुकाने माझ्या जखमेला लागलेली दृष्ट तिने काढली.

मी विचारलं, "तुले दिसत होतं?"

"हाव."

"कव्हापासून?"

"चवथ्या सोमवारपासून उतरू राह्यला होता रंग."

"मग तशीच हाय काऊन म्हणत होती?"

"बऱ्या होनाऱ्या जखमेले भरली म्हनते का कोनी, बाई? माझ्या मायनं भावाच्या पायाले म्हन्लं होतं, दुसऱ्या दिशी पाय सुजला. वाईट होतं तवा सांगतलं ना मी सगळं. तुमाले समजन असं वाटलं."

खरं तर मला समजायला हवं होतं. मीही याच मुलखातली, आणि तान्ह्या मुलाला गुटगुटीत झालं असं मीही कधी म्हटलं नव्हतं. पण वहीत लिहिताना ते डोक्यात आलं नाही. ती रडत होती. तिला म्हटलं, "पट्टा बांध." मालकांनी तिकिटं परत केली. आम्ही त्याच दमणीने घरी आलो. वाटेत मला आनंद झाला का, हे मी आठवून पाहते. सापडत नाही. उतरल्यावर आधी दुसरी यादी चुलीत घातली, एवढं आठवतं.

डॉक्टरांनी सांगितलेलं पाहणं आणखी काही महिने चालूच ठेवायचं होतं. पुढच्या सोमवारी पाटावर बसले आणि जावेला सांगितलं, "तोंडानं काही सांगू नको. वाईट असलं तं बोल. बरी असली तं नुसता जखमेवर हात ठेव."

तिला ते पटलं. तिने पट्टा सोडला. मी पेन्सिल धरून वाट पाहिली. परसात कोंबड्या माती उकरत होत्या.

"ठेव ना," मी म्हटलं.

"कव्हाचा ठेवला हाय, बाई."

मी मान खाली घातली आणि रकाना भरला.