त्या नावाचा तिसरा

माझ्या सासऱ्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. मी काही जुन्या वळणाची सून नव्हे. नवऱ्याला चारचौघांत नावाने हाक मारते आणि वेळ आली तर नावंही ठेवते. पण ते नाव सासूबाईंचं आहे. लग्नातल्या उखाण्यानंतर त्यांनी ते कधी तोंडातून काढलं नव्हतं. सासरे होते तोवर ‘हे’, आणि गेल्यावरही ‘हे’च. त्यांच्या तोंडून मी ते एकदाच ऐकलं, मॅसॅच्युसेट्समध्ये, श्रूजबरीच्या दफनभूमीत.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नवरा कॉम्प्युटर कंपनीत होता आणि माझ्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती. पुण्याहून इतिहासात एम.ए. करून मी अपार्टमेंटच्या किचनमध्ये कांदे चिरत होते. शेवटी शेजारच्या शहरातल्या संग्रहालयात बिनपगारी कामाला जाऊ लागले. घरात बसवत नव्हतं, हे त्याचं खरं कारण.

त्याच्या आधीच्या हिवाळ्यात आमचा पहिला मुलगा गेला होता. थोडेच दिवस होता तो. सिझेरियननंतर मी गुंगीत होते, बाळ काचेच्या पेटीत होतं, आणि हॉस्पिटलमधली बाई नवऱ्यासमोर उभी राहून विचारत होती, नाव काय लिहू? आपल्याकडे बाराव्या दिवशी बारसं होतं, तोवर बाळाला बाळच म्हणतात, हे तिला सांगायला त्याला सुचलं नाही. घाबरलेल्या माणसाला बाप आठवतो. त्याने वडिलांचं नाव सांगून टाकलं. मी शुद्धीवर आले तेव्हा माझ्या मुलाला नाव होतं, आणि लवकरच ते नाव गवतात बसवलेल्या एका लहानशा दगडावर होतं.

इतक्या लहान मुलांना आपणही पुरतोच. पण वर नाव कोरत नाही. जाणाऱ्याला जाऊ देतो. इथे मात्र नाव कोरलं आणि माझं मूल कुठे गेलंच नाही, त्या दगडापाशी थांबून राहिलं, असं मला वाटायला लागलं. त्याच नावाचे एक काका आमच्या मराठी मंडळींत होते. पार्टीत कुणीतरी त्यांना ‘अरे, भात घे यार’ म्हणून नावाने हाक मारायचं आणि मी दचकून मागे बघायचे. दर वेळी बघायचे. मागे प्लेट घेतलेले टक्कलवाले काका उभे असायचे आणि मला त्यांचा भयंकर राग यायचा. दगडाकडे मी पुन्हा पाऊल टाकलं नाही. नवरा एकटा जाऊन यायचा. त्याच्या बुटांना ओलं गवत चिकटलेलं दिसलं की मी काही विचारत नसे.

कऱ्हाडला त्याने शेजाऱ्यांकडे फोन करून आईला एवढंच सांगितलं, बाळ गेलं, बारसं झालंच नव्हतं. ते खोटं नव्हतं. बाबांचं नाव मातीत घातलं, हे मात्र त्याला सांगवलं नाही.

तर संग्रहालय. तळघरात जपानी चित्रं होती आणि ती सांभाळणाऱ्या एक वयस्क अमेरिकन बाई होत्या, काटकुळ्या, कडक आणि चहाच्या शौकीन. काबुकी म्हणजे काय ते त्यांनी मला शिकवलं. जपान्यांचं जुनं नाटक. आपल्या जुन्या नाटक मंडळ्यांसारखंच पुरुष बायकांची कामं करायचे, आणि लोक नटांवर जीव टाकायचे. तेव्हा फोटो नव्हते, म्हणून आवडत्या नटाची लाकडी ठशांनी छापलेली चित्रं लोक विकत घ्यायचे. दोनशे वर्षांपूर्वीच्या एका नटाची जवळजवळ अख्खी कारकीर्द आमच्या कपाटात पडून होती. चित्रांचे पिवळे पडलेले पुठ्ठे काढून नवे घालायचे, हे माझं काम.

“चेहऱ्यावरून ओळखायला जाऊ नकोस,” बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. “चेहरे सगळे एकाच साच्यातले. बाहीवरची खूण बघ.”

खूण म्हणजे गोलात दोन पानं. तेवढी धरून मी त्या माणसाच्या मागे गेले. आधी तो होडीत बसलेला गुबगुबीत पोरगा होता. मग दारात छत्री मिटणारी तरुण बाई. पुढे तोंडावर लाल पट्टे ओढून डोळे वटारणारा योद्धा, आणि हे काम त्याला इतकं लाभलं की निम्मं कपाट त्याच वटारलेल्या डोळ्यांचं होतं. प्रत्येक चित्रात माणूस निराळा आणि बाहीवर पानं तीच. मग एका चित्रात तो प्रेक्षकांसमोर गुडघ्यांवर बसलेला, शेजारी त्याचा तरुण मुलगा. त्या लोकांत नाव घराण्याचं असतं. बाप भर रंगमंचावर आपलं नाव मुलाला देतो आणि स्वतः दुसरं नाव घेऊन काम करतो.

त्याच्या पुढचं चित्र बाईंनी माझ्या हातात देण्याआधी माझ्याकडे एकदा पाहिलं. मुलगा फिकट निळ्या कपड्यांत, हातात जपमाळ. लोकप्रिय नट मेला की अशी चित्रं छापून विकायचे. नाव घेतल्यानंतर तो फार जगला नव्हता. चेहरा साच्यातलाच, पण या चित्रात त्याची नजर खाली होती, पायाशी काही हरवल्यासारखी. मी त्याला नव्या पुठ्ठ्यात घातलं. घरी आल्यावरही तो डोळ्यांसमोरून हलेना. बापाने नाव दिलं आणि मूल गेलं, एवढंच मला त्यात दिसत होतं.

पुढच्या उन्हाळ्यात मला पुन्हा दिवस गेले होते आणि बाळंतपणासाठी सासूबाई आल्या. सासरे हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. त्यांनी बायकोला हौसेने एबीसीडी शिकवली होती. अमेरिकेत त्या शिक्षणाचं चीज झालं. गाडीत बसल्या की बोट नाचवत प्रत्येक पाटी वाचायच्या, एस, टी, ओ, पी, स्टॉप! नवरा सिग्नलला थांबला की यांचं वाचन संपेपर्यंत मागची गाडी हॉर्न द्यायची.

आल्या आल्या त्यांनी सांगून टाकलं, “मुलगी झाली तर तुमची मर्जी. मुलगा झाला तर ह्यांचं नाव. घरात पुन्हा त्या नावाची हाक ऐकू आली पाहिजे. मला मारता येत नाही, तुम्ही मारा.”

मी मान हलवली आणि खोलीत जाऊन नवऱ्याला म्हटलं, “ते नाव मी ठेवणार नाही.”

“मग आईला रीझन काय देऊ?”

“खरं सांग.”

“तू सांग ना यार. मला नाही जमणार.”

“नाव देताना जमलं होतं,” मी म्हटलं. त्याच्यावर तो घाव बसला आणि मला वाईट वाटलं नाही. मला फक्त भीती वाटत होती. ते नाव एकदा माझं मूल घेऊन गेलं होतं. आता ते पोटातल्याकडे वळून बघतंय, असं मला दिवसाउजेडी वाटायचं.

त्यातच सासूबाईंनी फिरायला जागा शोधली. आमच्या रस्त्याला फुटपाथ नव्हता. पण समोर दफनभूमी होती. “मसण असलं तरी बाग आहे,” त्या म्हणाल्या. “आपल्या गावच्या बागेपेक्षा बरी ठेवलीय.” पाचवारी साडीखाली कॅनव्हासचे बूट, वर मुलाचं जाकीट, अशा थाटात त्या रोज दुपारी निघायच्या आणि दगडांवरची नावं वाचायच्या, मोठ्याने, अक्षर जुळवून. “बिचाऱ्यांची नावं घ्यायला कुणी येत नसेल,” हे त्यावरचं स्पष्टीकरण. आमचा दगड पलीकडच्या कुंपणाशी, मेपलखाली होता. मी खिडकीतून बघत राहायचे. त्या एकेक ओळ पुरी करत कुंपणाकडे सरकत होत्या. त्यांना अडवायला कारण सुचत नव्हतं आणि खरं सांगायला जीभ उचलत नव्हती.

पानगळ सुरू झाली तेव्हा मी आठव्या महिन्यात होते आणि कपाटातलं शेवटचं चित्र पुठ्ठ्यात घालायचं राहिलं होतं. नट म्हातारा झालेला, पुन्हा गुडघ्यांवर बसलेला, आणि शेजारी एक लहान पोरगा. त्याच्या बाहीवर गोलात दोन पानं.

“हा कोण?” मी विचारलं.

“शिष्य. दत्तक घेतला म्हाताऱ्याने. नाव त्याला दिलं.”

मला संताप आला. “तेच नाव? ज्याने मुलगा गेला ते? लाज नाही वाटली याला?”

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि चित्रातल्या अक्षरांवर हवेतच बोट फिरवलं. “इथे काय लिहिलंय माहीत आहे? तिसरा. नट मोक्याच्या जागी थांबला की मागच्या स्वस्तातल्या जागांवरून रसिक ओरडायचे, ‘तिसरा!’”

“तिसरा कसा? मधला तर नाव घेतल्या घेतल्या मेला.”

“मेला म्हणजे नव्हताच असं होतं का?” बाई म्हणाल्या. “याला तिसरा म्हणायचं तर दुसऱ्याला मोजावंच लागतं.”

मी ते चित्र नव्या पुठ्ठ्यात घातलं. त्यांनीच मला गाडीतून घरी सोडलं. घर रिकामं होतं. समोर कुंपणाशी, मेपलच्या अलीकडे, मला नवऱ्याचं निळं जाकीट दिसलं.

रस्ता ओलांडून गेले तेव्हा ‘आई, चला घरी’ हे शब्द तयार होते. सासूबाई आमच्या दगडाच्या दोन ओळी अलीकडे कुणा कॅप्टनचं नाव जुळवत होत्या. मला बघून रागावल्या, “दोन जिवांची बाई तू, इथे कशाला आलीस?”

“आई, इकडे या,” मी म्हटलं. “एक वाचायचा राहिलाय.”

दगड जमिनीलगत होता आणि पानांखाली बुजला होता. मला वाकता येत नव्हतं. मी नुसतं बोट दाखवलं. त्या उकिडव्या बसल्या, हाताने पानं सारली आणि नेहमीसारख्या वाचू लागल्या. पहिलं अक्षर, दुसरं अक्षर, दोन्ही जोडून. मग पुढची दोन. शेवटचं अक्षर लावलं आणि अख्खं नाव त्यांच्या तोंडून बाहेर पडलं.

त्यांनी पदर तोंडावर धरला. इकडे तिकडे पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून. मग खाली आमचं आडनाव वाचलं.

“हे कोण?”

“तुमचा नातू, आई.”

“नाव नव्हतं म्हणाला होता.”

“होतं.”

त्या बराच वेळ दगडावरून हात फिरवत बसल्या. मला वाटलं, आता म्हणतील, ह्यांचं नाव मातीत घातलंत. त्या म्हणाल्या, “एवढ्या बर्फात एकटा होता पोरगा. आणि नाव असून कुणी हाक मारली नाही?”

“नाही,” मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. तो गेल्यापासून मी मोठ्याने रडले नव्हते. त्या दिवशी चांगला हंबरडा फोडला. सासूबाई माझा हात धरून उठल्या. “एकदा तोंडातून गेलंच आहे,” असं स्वतःशी पुटपुटल्या, आणि दिवेलागणीला अंगणात खेळणाऱ्या पोराला जेवायला बोलवावं तशी त्यांनी खणखणीत हाक मारली. नाव, आणि मग, “ये रे बाळा!” मी या वेळी मागे वळून पाहिलं नाही. माझं मूल माझ्यासमोरच होतं.

घरी येताना मी त्यांना त्या नटाची गोष्ट सांगितली, सगळी, तिसऱ्यापर्यंत. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “ते ओरडायचे कुठून?”

“मागून. सगळ्यात मागच्या लोकांतून.”

“माझ्या मुलाला सांगू नकोस मला कळलंय ते,” त्या म्हणाल्या. “त्याचा तो सांगेल.”

त्याने काही सांगितलं नाही. मुलगा झाला. हॉस्पिटलमधली बाई पुन्हा आली आणि या वेळी मी जागी होते; नाव मी सांगितलं, स्पेलिंगसकट. नवरा माझ्याकडे बघतच राहिला. “आर यू शुअर?” त्याने हळूच विचारलं. मी हो म्हटलं.

बारशाला श्रूजबरीची मराठी मंडळी आमच्या दोन खोल्यांत दाटीवाटीने बसली. आत्या कऱ्हाडला, म्हणून तिच्या जागी एक काकू उभ्या राहिल्या. त्यांनी बाळाच्या कानात ‘कुर्र’ केलं, बायकांनी त्यांच्या पाठीत धपाटे घातले आणि नवऱ्याने नाव जाहीर केलं. टाळ्या पडल्या. सासूबाई विधवा म्हणून पाळण्याजवळ आल्या नव्हत्या. मी कितीदा सांगितलं तरी ऐकलं नाही. त्या सगळ्यांच्या मागे, किचनच्या दारात उभ्या होत्या. टाळ्या थांबल्या आणि तिथून आवाज आला, “तिसरा!”

सगळे वळले. काकू हसून म्हणाल्या, “अहो आजी, दुसरा. आजोबा पहिले, हा दुसरा.”

“आजी कांट काउंट!” कुणाची तरी पोरगी खिदळली.

सासूबाई घुगऱ्यांची परात हातात घेऊन आपल्या मुलाकडे बघत उभ्या राहिल्या. नवऱ्याने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आईला केव्हाच कळलंय, हे त्याला त्या क्षणी कळलं. त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातलाच नाही.

“नाही काकू,” तो म्हणाला, भर बैठकीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “आई बरोबर मोजतेय. तिसराच आहे.”