दारावरचे दोन ठोके

मधूच्या मुलीच्या साखरपुड्याच्या सकाळी मी त्याला माझं जुलाबाचं औषध पाजलं. चुकून. मधू गेल्याला आता सव्वा महिना होईल. भेटायला येणारे त्याच्या कष्टांबद्दल, शांत स्वभावाबद्दल बोलतात, मी मान हलवतो, आणि मनात मात्र ती बाटलीच उभी राहते...

द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आम्ही समोरासमोर राहायचो. मधू पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये सुपरवायझर, माझं खाली घड्याळदुरुस्तीचं दुकान. दोन बिऱ्हाडं, मधे गॅलरी, आणि गॅलरीच्या टोकाला दोघांत मिळून एक संडास. पोटं वाटताना वर कुणीतरी घोळ घातला असणार. मला जन्माचं बद्धकोष्ठ. आत गेलो की पेपर जाहिरातींसकट वाचून व्हायचा. आणि मधूला नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मोठ्या आतड्याचा आजार जडला. आतून सूज, जखमा, रक्त पडायचं, आणि एकदा कळ आली की मिनिटभरही थांबता यायचं नाही. आमच्या दोघांच्या पोटांची बेरीज करून दोनाने भागलं असतं तर दोन सुखी माणसं निघाली असती. तसं झालं नाही. रोज सकाळी दारावर दोन ठोके पडायचे. "शऱ्या, निघतोस की दार काढू?" मी निघायचो. माझं काही झालेलं नसायचंच.

पोटाच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, हा आजार मुळापासून जात नाही, ताब्यात ठेवायचा, गोळ्या रोज घ्यायच्या. मधूला गोळ्यांचं काही नव्हतं, गोळ्या कुणी पाहील याची धास्ती होती. घरात लेक सुनंदा लग्नाची. "बापाला असला रोग म्हटल्यावर पोरीत पण असेल, असं म्हणणार लोक," हे त्याचं पालुपद. गोळ्या म्हणजे आजार, आणि काढा म्हणजे प्रकृतीला जपणं, असा त्याचा हिशोब. म्हणून आम्ही झाडपाल्याकडे वळलो. 'आम्ही' अशासाठी, की औषध त्याचं असलं तरी पहिला घोट मी घ्यायचो. बेलाचा मुरंबा झाला, ताकातून डाळिंबाची साल झाली. गव्हांकुरांसाठी आम्ही गॅलरीत तेलाचे डबे कापून गहू पेरले. मी तो हिरवा रस घेताना मधू दारात उभा राहून विचारायचा, "दूध कधीपासून देणार?" कशाने थोडं बरं वाटायचं, कशाने काहीच नाही. खरा आराम मधूच्या बायकोच्या, कुसुमवहिनींच्या, मऊ भाताने पडायचा, पण तो घरातच शिजत असल्यामुळे त्याला औषध म्हणायला कुणी तयार नव्हतं.

एकदा सलग काही दिवस बरे गेले तेव्हा मधूने गोळ्या सोडल्या. मी शाबासकी दिली. महिन्याभरात त्याला दवाखान्यात रक्त चढवायची वेळ आली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "काढे घ्या, पण आधी मला दाखवा. आणि गोळ्या पुन्हा सोडल्यात तर आतडं काढावं लागेल." मग माझ्याकडे वळून, "हे कोण?" मधू पडल्या पडल्या म्हणाला, "हे माझे वैद्य." बाईंनी मला बाहेर बसायला सांगितलं.

तेव्हापासून गोळ्या सुरू राहिल्या, पिठाच्या डब्यामागे लपून, आणि त्यांच्या जोडीला बाईंनी चालेल म्हटलेला कुड्याच्या सालीचा काढा. पेठ रस्त्यावरच्या एका वैद्यांकडून आम्ही दोघंही औषध आणायचो. त्याचं थांबवणारं, माझं चालवणारं. बाटल्या सारख्याच, रंगही सारखाच. ओळख पटावी म्हणून त्यांनी एकीच्या गळ्यात लाल दोरा बांधून दिला होता.

सुनंदाचा साखरपुडा सायखेड्याला, मुलाच्या घरी. मधू मला म्हणाला, "माझी बाटली तुझ्या पिशवीत ठेव. आणि आज लक्ष असू दे शऱ्या, हे जमलेलं मोडायला नको." निघताना मी बाटल्या काढल्या. डोळ्याला भिंग लावून केसाएवढी स्प्रिंग बसवणारा मी माणूस. विचार केला, लाल म्हणजे थांबा. थांबलेला कोण? मी. लाल दोऱ्याची मी घेतली, दुसरी त्याला दिली. वर म्हटलं, "आज जरा जास्तच घे, कार्य आहे."

जीप गाव सोडून पुढे गेली आणि मधूने माझा दंड धरला. ती पकड मला अजून आठवते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कांदा. कांद्याच्या शेतात माणूस लपत नाही हो. उसाचं शेत येईपर्यंत तो डोळे मिटून बसला होता, कपाळावर घाम, आणि ओठांतल्या ओठांत मला अशा शिव्या, की त्या इथे छापता येणार नाहीत. असे आम्ही तीनदा थांबलो. पोहोचलो तेव्हा मुहूर्त टळत आलेला, पाहुण्यांचे चेहरे उतरलेले.

मधू ओसरीवर बसला नाही. मुलाच्या वडिलांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "पाटीलसाहेब, मला मोठ्या आतड्याचा आजार आहे. कितीतरी वर्षं आहे, राहणार आहे. तुमच्यापासून लपवलं. आज या गाढवाने औषध बदललं म्हणून सांगतोय. तुम्हाला सोयरीक नको असेल तर आत्ताच सांगा." सुनंदा दारात उभी होती. वहिनींनी पदर तोंडाला लावला. मी माझ्या चपलांकडे बघत होतो.

पाटलांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, "एवढंच ना? आम्हाला वाटलं, स्थळ पसंत नाय म्हून वाटंतच थांबलात. आमच्या थोरल्या भावाला लय वर्षांपासून हेच हाय. त्याची खुर्ची बघा, मोरीच्या अंगालाच ठेवलीय. अजून एक मांडतो." आणि आत बघून ओरडले, "अगं, पाहुण्यांना ताक आणा. अन् ह्या दुसऱ्या पाहुण्याच्या हातात काय देऊ नका!"

त्या दिवशी मधू हलका झाला, असं मी म्हणालो तर तो वरून चप्पल फेकून मारेल. पण खरंच झाला. गोळ्या पिठाच्या डब्यामागून देवघराशेजारच्या फळीवर आल्या. लग्नात त्याने भटजींना आधीच बजावलं होतं, मधेच उठलो तर मंत्र थांबवा. एकदाही उठला नाही. कन्यादान करताना त्याने माझ्याकडे बघून डोळा मारला. (मी घेतलेल्या त्याच्या काढ्याचं माझ्या पोटात काय झालं, ते वाचकांना सकाळच्या चहाबरोबर सांगत नाही.)

पुढे आजार कधी उठायचा, कधी निजायचा, पण मधू त्याच्यासोबत नीट नांदला. दोन हजार सालानंतर मालकाने दुसरा संडास बांधून दिला. आता ज्याचा त्याला. तरी रोज सकाळी आपल्याकडे जाता जाता मधू माझ्या संडासाच्या दारावर दोन ठोके मारायचाच. "काय म्हणता वैद्यबुवा?" मी आतून म्हणायचो, "काही नाही."

गेला तो पोटाने नाहीच. दुपारी जेवून पडला आणि चहाला उठला नाही. मी दुकानात होतो, गॅलरीतून वहिनींनी हाक मारली... ज्याच्यावर आम्ही इतकी वर्षं संशय घेतला ते आतडं शेवटी निर्दोष सुटलं.

परवा सकाळी मी आत बसलो होतो. नेहमीची वेळ झाली आणि जुन्या सवयीने हात आपोआप कडीकडे गेला. घाईघाईने कडी काढून, पेपर काखेत मारून बाहेर आलो. गॅलरी रिकामी. वहिनी उन्हात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं. त्यांना कळलंच.  मग त्या सुपाकडे बघत म्हणाल्या,

"बसा की निवांत, भावजी. आता दार वाजवणारं कोणी नाही. तसंही तुमचं काही होत नाही."